चार सुताचा पाना

घरी कुणी आलं आणि त्यांनी माझी चौकशी केली, की आमची ही "ते खाली आहेत" एवढंच सांगते. आवाज असा काढते, की येणाऱ्याला वाटावं नवरा गुत्त्यात बसला आहे. मी असतो पार्किंगमध्ये, १९६६ च्या स्टँडर्ड हेराल्डखाली, जुन्या चटईवर उताणा. बाहेर फक्त गुडघ्यापासून खालचा भाग. तिसऱ्या मजल्यावरच्या चिमुरडीने शाळेत 'आमची सोसायटी' या विषयावर निबंध लिहिला, त्यात एक वाक्य होतं: "आमच्याकडे एक आजोबा आहेत, त्यांना पाय आहेत." बाईंनी त्याखाली लाल रेघ मारली होती. मुलीचं काही चुकलं नव्हतं.

भोसरीच्या एमआयडीसीत मी तेहतीस वर्षं इन्स्पेक्शनला होतो. 'नाही' म्हणायचा मला पगार मिळायचा. शाफ्ट दहा मायक्रॉन जाड भरला, नाही. वीस मायक्रॉन बारीक, अजिबात नाही. रिटायर झालो आणि घरी आल्यावर कळलं, की इथे नाही म्हणायचा विभाग आधीच भरलेला आहे. त्या रिकामपणात चिखलीकडे एका बंगल्यामागे पेरूच्या झाडाखाली ही गाडी दिसली. फरशीतून गवत उगवून खिडकीबाहेर डोकावत होतं. आयुष्यभर मायक्रॉन मोजलेल्या माणसाने एकदाही व्हर्नियर न लावता तिला 'ओके' करून टाकलं. साल २०२२.

"स्पोर्ट्स कार आहे," मी घरी सांगितलं.

"कशावरून?"

"दोनच दारं आहेत."

"दोन दारं गोदरेजच्या कपाटालाही आहेत."

मग मी घराणं सांगितलं. इंग्लंडात १९५९ मध्ये ट्रायम्फ हेराल्ड आली. तिचा आकार काढला जोव्हानी मिशेलॉटी या इटालियन माणसाने. मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सने १९६१ पासून ती आपल्याकडे बनवली. हिचीच चॅसी आखूड करून १९६२ मध्ये ट्रायम्फने स्पिटफायर काढली. स्पिटफायर म्हणजे अस्सल, उघड्या टपाची स्पोर्ट्स कार. थोडक्यात आपली गाडी तिची सख्खी मोठी बहीण. तिकडे शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर हेराल्ड शर्यतीतसुद्धा पळायच्या.

"बहीण पळते म्हणून ही पळेल असं नाही," ही म्हणाली. "माझी बहीण बघा आणि मला बघा." यावर काही बोलायचं नसतं, एवढं मला इतक्या वर्षांत समजलं आहे.

हेराल्डची गंमत अशी, की ती बोल्टांनी जोडलेली आहे. त्या काळी बाकीच्या कंपन्या चॅसी आणि बॉडी एकाच सांगाड्यात वेल्ड करू लागल्या होत्या. पण स्टँडर्ड-ट्रायम्फला बॉडी पुरवणारा कारखाना त्यांच्या प्रतिस्पर्ध्याने विकत घेतला. अख्खा सांगाडा करून द्यायला कुणी उरलं नाही. मग त्यांनी जुन्या पद्धतीची वेगळी चॅसी ठेवली, बॉडीचे तुकडे लहानलहान ठिकाणी बनवून घेतले आणि बोल्टांनी आवळले. छप्परसुद्धा बोल्ट काढून उचलता येतं. मला हे वाचून फार आनंद झाला, कारण जे खोलता येतं ते जोडताही येतं असा माझा समज होता. महिन्याभरात गाडी खोलून झाली. दारं पलंगाखाली, डिकीचं झाकण बाल्कनीत, छप्पर गच्चीवर पाण्याच्या टाकीला टेकून, सीटा हॉलमध्ये. सीटांवर पाहुणे बसायचे आणि सोफा नवा घेतला का विचारायचे. सोसायटीच्या सेक्रेटरींनी नोटीस काढली, की एका सभासदाने एका वाहनाचं पार्किंग पाच ठिकाणी केलं आहे, तर शुल्क किती घ्यावं याचा निर्णय वार्षिक सभेत होईल.

आता बोल्टांकडे येतो. खरं दुखणं तिथे आहे.

पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यात रोज किती बोल्ट तयार होत असतील ते ब्रह्मदेवालाच ठाऊक. इथे रस्त्यावर चालताना पायाला खडा टोचला तर तो नट असण्याची शक्यता जास्त. पण हे सगळे मिलिमीटरचे. माझी गाडी इंची. तिचा पाव आणि सोळांशाचा, म्हणजे पाच सोळांश इंचाचा बोल्ट ७.९४ मिलिमीटर भरतो. आपला एम-आठ भरतो आठ. दिसायला जुळे. एम-आठ त्या नटात घालावा तर अर्धा आटा प्रेमाने जातो, मग जो बसतो तो कायमचा, कारण आट्यांचं अंतर वेगळं. डोक्याचंही तसंच. हेराल्डचा बोल्ट चार सुताचा, म्हणजे अर्धा इंच, १२.७ मिलिमीटर. घरातला तेरा नंबरचा पाना त्यावर बसल्यासारखा वाटतो, जोर लावला की घसरतो आणि षटकोनाचा लाडू करून ठेवतो. मधे तफावत तीनशे मायक्रॉनची. नोकरीत असतो तर एवढ्यासाठी मी अख्खा ट्रक परत पाठवला असता.

चार सुताचा पाना शोधत मी फिरलो. दुकानातली तरुण पोरं विचारायची, "काका, सूत म्हणजे धागा का?" इंचाचे आठ सूत, हे गणित माझ्या वडिलांच्या पिढीतल्या प्रत्येक फिटरला तोंडपाठ होतं. शेवटी पाना मिळाला पहिल्या मजल्यावर. तिथले काका टेल्कोच्या टूलरूममधले. (कंपनीचं नाव बदलून कितीतरी वर्षं झाली, पण आमच्याकडे अजून टेल्कोच म्हणतात. पिंपरीचा तो कारखाना सुरू झाला १९६६ मध्ये, म्हणजे माझ्या गाडीच्याच वर्षी. फरक इतकाच, की कारखाना चालू आहे.) काकांनी पाना धोतराच्या फडक्यातून काढला, दोन्ही हातांनी दिला आणि म्हणाले, "संध्याकाळी परत पाहिजे." तेव्हापासून तो रोज संध्याकाळी परत जातो आणि रोज सकाळी मी तो पुन्हा मागायला जातो. सकाळी चहा होतो. संध्याकाळीही होतो.

पाना मिळाला, बोल्ट नव्हते. ते बनवून घ्यायला भोसरीत एका लेथवाल्या अण्णांकडे गेलो. अण्णांनी मला नीट पाहिलं, लेथ बंद केलं, हात पुसले.

"साहेब, ओळखलंत का? तुम्ही माझे तीन लॉट परत पाठवले होते."

मला आठवत नव्हतं. परत पाठवणाऱ्याला कधीच आठवत नाही.

"साठ बोल्ट पाहिजेत अण्णा."

"ड्रॉइंग आणा."

"अहो, नमुना आहे ना हातात."

"नमुन्यावर जॉब घेत नाही. तुमच्याच डिपार्टमेंटने शिकवलंय."

तीन रात्री बसून मी ड्रॉइंग काढलं. त्यांनी टॉलरन्स विचारला, मटेरियल विचारलं, मागच्या बाजूला माझी सही घेतली. दोन आठवड्यांनी बोल्ट आले, तेलकट कागदात गुंडाळलेले, सोबत साठ ओळींचा तपासणी अहवाल. सत्तावन्न ओके. तीनांपुढे अण्णांनी स्वतःच लिहिलं होतं: रिजेक्ट. आणि ते तीन त्यांनी दिले नाहीत. "तुम्हाला चालले असते," ते म्हणाले, "पण मला नाही चालत." इतका अपमान आणि इतका आदर मी एकदम कधी अनुभवला नव्हता.

आमच्या सोसायटीत निम्मे लोक निवृत्त, आणि सगळे गाड्यांच्याच धंद्यातले. मला वाटलं, चला, माणसांची ददात नाही. पण या पट्ट्याची एक खोड आहे. इथे पूर्ण गाडी कुणालाच येत नाही. दुसऱ्या मजल्यावरच्यांनी अठ्ठावीस वर्षं फक्त वायपर केले. समोरच्या विंगेतले सीटचे सरकते रूळ करायचे. वरचे पेंटशॉपला होते, ते पत्र्यावरून नुसतं बोट फिरवून 'संत्र्याची साल आली' म्हणतात आणि निघून जातात. प्रत्येकाचं मत असं, की गाडी म्हणजे मुळात त्याचा पार्ट, बाकीचं त्याला टेकू. वायपरवाले इंजिन नसताना वायपर बसवून गेले. सहा महिने माझ्याकडे फक्त वायपर चालणारी गाडी होती.

मुलगा चाकणला असतो. त्यांच्या लाइनवर गाडी एका माणसापुढून चहा निवायच्या आत सरकते. तो रविवारी येतो, माझी चॅसी बघतो, म्हणतो, "बाबा, इलेक्ट्रिक मोटर टाका, प्रश्न मिटेल." मी म्हटलं, इंजिनाचा प्रश्नच नाही, ९४८ सीसीचं आहे, सुरू होतं, फक्त जुना डायनॅमो बदलून अल्टरनेटर लावायचा, एवढी एकच सुधारणा. या वाक्याने माझे सात महिने घेतले. मारुती ८०० चा अल्टरनेटर आणला, तर त्याला लावायची पट्टी नाही. पट्टी केली, तर पट्टा आखूड. पट्टा बदलला, तर कळलं की या गाडीत बॅटरीचा प्लस बॉडीला जोडलेला आहे आणि अल्टरनेटरला हवा मायनस. म्हणजे सगळा संसार उलटा फिरवायचा. फिरवला. मग डॅशबोर्डवरचा मीटर चार्जिंग होत असताना डिस्चार्ज दाखवू लागला. ईपीएस-९५ ची पेन्शन घेणाऱ्या माणसाला त्यात काही खटकलंच नाही, महिनाभर तसाच होता.

शिवाय नियम. जुलै २०२१ मध्ये केंद्राने पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणी आणली. वीस हजार भरा, 'व्हीए' अक्षरांची खास पाटी मिळवा. पण अट अशी, की चॅसी, बॉडी, इंजिन यांत मोठा बदल केलेला नसावा, आणि ती गाडी प्रदर्शन, रॅली, इंधन, दुरुस्ती यांसाठीच रस्त्यावर आणावी, रोज फिरवू नये. हिने सगळं वाचून विचारलं, "म्हणजे वीस हजार भरून गाडी घरीच ठेवायची?" मी हो म्हटलं. "मग ते आत्ता फुकट चाललंय." आम्ही जुनीच नोंदणी चालू ठेवली, ग्रीन टॅक्स भरला.

बॉनेटचा किस्सा सांगितल्याशिवाय राहवत नाही. हेराल्डचं बॉनेट मडगार्डांसकट एकच अख्खं असतं, पुढच्या बाजूला मगरीच्या जबड्यासारखं उघडतं. माझं कुजलं होतं. कुदळवाडीच्या भंगारात मिळेल म्हणून खेपा घातल्या. (२०२५ च्या फेब्रुवारीत महापालिकेने ती गोदामं पाडली. दाराची मूठ एका माणसाने मला बाजूला काढून ठेवली होती. मूठ गेली, माणूसही सापडला नाही.) मग २०२४ च्या एप्रिलमध्ये कळलं, की चाकणच्या पलीकडे एका वाडीत हेराल्डचं बॉनेट आहे. गेलो. होतं. कांदाचाळीच्या फाटक्या छपरावर पालथं घातलेलं, पावसापाण्याला एकदम पक्कं.

"न्या की," म्हातारे बाबा म्हणाले. "कांदा गेला की न्या."

"कधी जाणार?"

"भाव आला की."

भाव कुठून येणार? केंद्राने आदल्या डिसेंबरात निर्यात बंद केली होती. तोपर्यंत मी वर्तमानपत्रात फक्त श्रद्धांजल्या वाचायचो, आता चाकण बाजार समितीचे दर वाचू लागलो. मे महिन्यात बंदी उठली. पेढे घेऊन धावत गेलो. बाबांनी पेढा खाल्ला आणि म्हणाले, "आता चढंल भाव. थांबू जरा." दिल्लीचं धोरण, पाऊस, नाफेड, सगळं माझ्या बॉनेटवर येऊन बसलं होतं. अखेर ऑक्टोबरात फोन आला. बॉनेट घरी आलं, सात वेळा धुतलं, तरी ऊन तापलं की गाडीच्या नाकातून कांद्याचा वास येतो. पेंटशॉपवाल्यांनी बोट फिरवून सांगितलं, "ही संत्र्याची नाही. ही कांद्याची साल."

दर दसऱ्याला गाडी सुरू करायची, असं मी जाहीर करायचो. पहिल्या वर्षी नुसती चॅसी घोड्यांवर चढवलेली होती. खंडेनवमीला पाने-पक्कडींची पूजा झाली, दुसऱ्या दिवशी गाडीला हार घातला. चाकांखाली लिंबं ठेवायची तर चाकंच नव्हती. हिने शांतपणे चारही घोड्यांच्या पायांशी एकेक लिंबू ठेवलं. पुढची दोन वर्षं तसंच चाललं. वॉचमन म्हणाला, लिंबं चांगली राहतात, चिरडत नाहीत.

चौथ्या दसऱ्याला लिंबं चिरडली.

इंजिन लागलं, तेव्हा टूलरूमवाल्या काकांनी पाना छातीशी धरला. आमच्या पार्किंगमध्ये लोक गाडी वळवायला तीन-तीनदा मागेपुढे करतात. हेराल्ड पंचवीस फुटांच्या वर्तुळात वळते. सेक्रेटरींच्या देखत मी तिला एका फटक्यात वळवून फाटकाबाहेर काढलं. त्या क्षणी त्यांनी पार्किंग शुल्काचा विषय मनातून काढला असावा. निदान चेहरा तसा झाला होता.

ही पुढे बसली. मागे तिघं: वायपरवाले, सीटवाले, काका. नवं बॉनेट बाबांना दाखवायला चाकणच्या वाडीवर निघालो. मोशी ओलांडली, इंद्रायणी ओलांडली. स्वच्छ ऊन होतं, तरी वायपर चालू, कारण ते बंद करायला मागून परवानगी नव्हती. सीटवाले रुळाला कान लावून बसले होते. रस्त्याकडे मी सोडून कुणाचं लक्ष नव्हतं, आणि माझं मीटरकडे होतं.

चाकणच्या तळेगाव चौकात अडकलो. १६६० मध्ये शायिस्ताखानाला इथला संग्रामदुर्ग घ्यायला पन्नासांहून जास्त दिवस लागले, फिरंगोजी नरसाळ्यांनी तो तसा झुंजवला. चौकात उभं राहिलं की खानाबद्दल थोडी सहानुभूती वाटते. पुढे नव्या गाड्या लादलेला ट्रेलर, मागे कंटेनर. आम्ही अर्धा तास तिथेच.

आणि खणकन् आवाज झाला. काहीतरी डांबरावर पडून गोल फिरलं आणि थांबलं.

"आमचं नाही," वायपरवाले म्हणाले.

"रूळ शाबूत आहे," सीटवाले.

ही काही बोलली नाही. नुसती माझ्याकडे बघत राहिली. चार वर्षांत तिला हेच वाक्य म्हणायचं होतं आणि आता ते म्हणायचीही गरज नव्हती.

मी उतरलो. पुढच्या चाकाजवळ बोल्ट पडला होता, चकचकीत. काकांनी खिडकीतून पाना पुढे केला. मी वाकून चार सुताचा पाना बोल्टच्या डोक्यावर लावला. बसेना. पुन्हा लावला. नाहीच. काकांनी तो हातात घेतला, चष्मा वर केला, अंगठ्याने डोकं चाचपलं.

"तेरा नंबरचा आहे," ते म्हणाले.

आम्ही दोघांनी एकदम मान वर करून पुढच्या ट्रेलरवरच्या नव्याकोऱ्या गाड्यांकडे पाहिलं. मी तो बोल्ट खिशात टाकला, आत बसलो, आणि हिला म्हटलं, "रिजेक्ट."