हात लावू नका!

कॅरिबियन समुद्रातल्या बोनेअर बेटावर पाणबुड्यांना हातमोजे घालायला मनाई आहे. मोजे असले की प्रवाळाला धरायचा मोह होतो म्हणे. किनाऱ्यापासून 60 मीटर खोलीपर्यंतचा समुद्र 1979 पासून राखीव. पाहुणाही मोठा सोवळ्याचा. ॲमस्टरडॅमहून नऊ-दहा तास विमानाचं इंधन जाळत येतो, खोलीतला एसी रात्रभर चालू ठेवतो आणि सकाळी पाण्यात उतरून हात छातीशी घट्ट बांधून तरंगतो. 2023 साली समुद्र इतका तापला की प्रवाळांनी अंगातलं रंगीत शेवाळ टाकून दिलं आणि ते पांढरेफटक पडले. पाहुणा हळहळला, त्याने फोटो काढले, पुढच्या वर्षीचंही तिकीट काढलं. प्रवाळाला हात मात्र त्याने लावला नाही, एवढं त्याच्या बाजूने सांगायलाच हवं.