मलमलीचं माहेर

यवतमाळ जिल्ह्यात हिवाळ्याच्या तोंडाशी वेचणी सुरू झाली की कापूस कुठे नसतो? पऱ्हाटीवर असतो, ओसरीत छतापर्यंत असतो, वणी-पांढरकवड्याच्या जिनिंगबाहेर रांगेत ताटकळणाऱ्या गाड्यांवर असतो. आणि त्या गाड्यांवरून रस्त्याकडेच्या बाभळींनी ओढून घेतलेला, काट्याकाट्यावर असतो. अशा मुलखात दुकानात जाऊन मलमल मागावी, तर दुकानदार शिडीवर चढून कुठल्याशा परगावचं ठाण उतरवतो. लेक इथेच जन्मली, पण माहेरी येते ती मीटरचा भाव सांगत.

या ताटातुटीला इतिहास आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक दर्यावर्द्यानं लिहून ठेवलंय की तगरची, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातल्या तेरची, मलमल अवघड वाटांनी गाड्यांतून भडोच बंदराला जाते. पुढे मलमल म्हटलं की ढाका, असंच ठरून गेलं. मेघनेकाठच्या फुटी कार्पासाचा धागा आखूडच. पण सकाळची दमट हवा आणि कोवळ्या बोटांची नजाकत यांनी त्याचं असं सूत काढलं, की कापडाला शबनम आणि आब-ए-रवाँ अशी दवाची, वाहत्या पाण्याची नावं पडली. आमच्या वऱ्हाडी कापसाचा धागाही आखूड. त्याला मात्र लिव्हरपूलच्या बाजारात नाकं मुरडली जात. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस अडला, आणि त्याच नाकांना वऱ्हाडचा कापूस एकाएकी सुगंधी वाटू लागला.

मग तो न्यायला किलिक निक्सन कंपनीची शकुंतला आली. अरुंद रुळांवरून यवतमाळ, दारव्हा, मूर्तिजापूर असं रमतगमत जाणारी ही गाडी मुळात गाठींसाठी होती; माणसं तिच्यात बसत, ती जवळजवळ कापसाचे पाहुणे म्हणून. तिचं वाफेचं इंजिन १९२१ साली मँचेस्टरला घडलं आणि १९९४ पर्यंत धापा टाकत राबलं. आम्ही मँचेस्टरला कापूस पाठवला. मँचेस्टरनं परतीचा आहेर म्हणून इंजिन पाठवलं, तेही आणखी कापूस ओढायला. इतका हिशेबी व्याही विरळाच.

आणि तरीही यवतमाळच्या घरांत मलमल होती. ती मागावर विणली जात नसे, एवढंच. आजीचं सुती लुगडं नवं असताना खळीनं असं ताठ असे, की आजी खाली बसली तरी ते काही क्षण उभंच राही. मग विहिरीवरचं धोपटणं, मे महिन्यातलं ऊन, चुलीपुढचा घाम, कडेवरची नातवंडं अशी वर्षं त्याच्यावरून जात, आणि एका दुपारी ते हाताला लागे तेव्हा त्यातला सगळा करारीपणा कुठेतरी झिरपून गेलेला असे. बहुधा आजीचाही. खरं आयुष्य तिथून सुरू होई. एका तुकड्यात चक्का टांगला जाई, दुसऱ्यातून वैद्यकाकांचं चूर्ण वस्त्रगाळ होई. कुणाचं ढोपर फुटलं की पट्टी तिथूनच फाडली जाई, आणि देवळातल्या काकड्याला चिंधीही तिथलीच. सर्वांत मऊ तुकडा मात्र आजी कुणालाही देत नसे. तो घरात येणाऱ्या बाळाच्या दुपट्यासाठी ठेवलेला असे, बाळाची चाहूलही नसताना. नवं कापड तान्ह्याला बोचतं, असं ती म्हणे. जगात नव्यानं आलेल्या जिवाला जगाचं सगळ्यात जुनं, सोसून मऊ झालेलं वस्त्र द्यायचं, यामागचं शहाणपण तेव्हा कुणी तिला विचारलं नाही. विचारलं असतं तर तिनं चक्का उतरवायला पाठवलं असतं.

म्हणून एक विनंती. कपाटातली जुनी सुती साडी बोहारणीच्या पातेल्यावर जाण्याआधी एकदा गालाला लावून पाहा. पातेली दारावर रोज येतात. मलमल व्हायला मात्र कुणाचं तरी अर्धं आयुष्य खर्ची पडतं.