घशातल्या फटी

भाचीची दुसऱ्या दिवशी ॲनाटॉमीची व्हायव्हा होती. घरात कोणी ऐकून घेईना, म्हणून ती मला कोठीच्या इराण्याकडे घेऊन आली. चहा माझ्याच पैशांचा.

"मामा, हे बघ," म्हणत तिने पाण्याचे तीन रिकामे ग्लास एकात एक बसवले. घशाचे आवळणारे स्नायू असेच असतात म्हणे : वरच्याचं बूड मधल्यात, मधल्याचं खालच्यात. फक्त पुढची बाजू फुटकी समजायची, कारण तिकडे नाक, तोंड आणि स्वरयंत्र उघडतं. "पण परीक्षेत ग्लास विचारत नाहीत, फटी विचारतात. कुठून कोण जातं?"

सगळ्यात वरच्या फटीतून कानाची नळी. शमशाबादला विमान उतरताना आवंढा गिळला की कान मोकळे होतात ते तिच्यामुळे. दुसरीतून नववी नर्व्ह; कारल्याचा कडूपणा जिभेच्या मुळाशी जाणवतो तो हिच्या खात्यात. एवढा हुद्दा, पण सबंध शरीरात हुकूम चालतो तो एकाच बारक्या स्नायूवर, आणि तो बापडा त्याच फटीतून तिच्यासोबत जातो. मला आमचे हेडक्लार्क आठवले. मी हसलो, आणि उस्मानिया बिस्किटाचा भिजका तुकडा भलतीकडे गेला.

डोळ्यांतून पाणी येईस्तोवर ठसका. "आहिस्ता पियो साब, चाय किधर बी नई जाती," वेटर म्हणाला. जायची तिथे गेली नव्हती, एवढंच.

"कोणीतरी आठवण काढली," मी म्हणालो.

"इंटर्नल लॅरिंजिअल नर्व्हने काढली. तिसरी फट!" भाची खूश.

चौथीची नर्व्ह मला फार आवडली. आवाजाची. डावीकडची तर गळ्यातून सरळ छातीत उतरते, महारोहिणीला वळसा घालते आणि पुन्हा वर घशाशी येते. कोठीहून सुलतान बाजारला सिकंदराबादमार्गे जावं तसं. गर्भात हृदय गळ्यापाशीच असतं. ते खाली सरकताना हिलाही ओढून नेतं. जिराफात हा फेरा कित्येक मीटरांचा.

आजोबांच्या पिढीला हे सगळं उस्मानियात उर्दूतून शिकावं लागे. घशाला हलक़. भाचीचं पाठांतर इंग्रजीतून, मला सांगताना मराठी, वेटरशी दखनी. आणि हे सारं त्या चौथ्या फटीतून वर आलेल्या नर्व्हच्या जोरावर.

वेटर ग्लास उचलायला आला. वरचे दोन निघेचनात. त्याने पिळून पाहिलं, टेबलावर आपटून पाहिलं.

"कौन फसाए जी इनको?"

भाची भिंतीकडे तोंड करून नववी नर्व्ह पाठ करू लागली.