उंदीर नदीपार

शिरूर आणि दौंड या दोन गावांना निसर्गाने एक मोठी सोय करून दिली आहे. शिरूरला घोडनदी, दौंडला भीमा, आणि दोन्ही नद्यांच्या पलीकडे अहिल्यानगर जिल्हा. पिंजऱ्यात उंदीर सापडला की सकाळी पिंजरा गाडीच्या हँडलला अडकवायचा, पूल ओलांडायचा आणि दार उघडायचं. पुणे जिल्ह्यापुरता प्रश्न मिटला. पलीकडचे लोकही काही कच्च्या गुरूचे चेले नाहीत. तेही तसाच पिंजरा घेऊन याच पुलावरून इकडे येतात. दोन जिल्ह्यांमधला इतका सुरळीत व्यवहार पाणीवाटपात कधी दिसला नाही.

या व्यवहाराचा हंगाम ठरलेला आहे. दिवाळी सरते, कारखान्याची मोळी पडते, फडात कोयता शिरतो. वर्षभर उसात सुखाने नांदलेल्या उंदरांच्या डोक्यावरचं छप्पर एका दिवसात गाडीत भरून वजनकाट्यावर जातं. मग ते बिचारे वस्तीवर येतात. इथे कडब्याची गंज असते, पेंडीची पोती असतात, कांद्याची चाळ असते. चवीपालट म्हणून ठिबकच्या नळ्या, मोटारीची केबल आणि ट्रॅक्टरचं वायरिंग. उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढतात, ते झिजवायला त्याला काहीतरी कुरतडावंच लागतं. म्हणजे वायर खाण्यात त्याचा वाईट हेतू नसतो. वायरमनच्या बिलात मात्र हेतूचा रकाना नसतो.

पिंजरा लावणं हा आपल्याकडे गुप्त कार्यक्रम आहे. आकड्याला भज्याचा तुकडा की सुक्या खोबऱ्याचा, यावर घरात दोन पक्ष. भजं ताजं हवं, शिळ्या भज्याला हल्लीचे उंदीर विचारत नाहीत. नातवाने मोठ्याने "उंदराचं औषध आणू का?" म्हटलं की आजी डोळे वटारते. "हळू बोल रे, मामाला समदं कळतंय!" घरातल्या कपड्यांची चाळण करणाऱ्याला मामा म्हणणारा समाज आपलाच. शिवाय गणपतीच्या देवळात मूषकाच्या कानात हळूच गाऱ्हाणं सांगायची आपली रीत. रांजणगावचा महागणपती शिरूर तालुक्यातच, आणि सिद्धटेक दौंडकरांना भीमेच्या पलीकडे. घरात उंदीर झाले म्हणून तिथे जाऊन मूषकाच्याच कानात तक्रार करायची, म्हणजे ज्याच्याविरुद्ध अर्ज त्याच्याच टेबलावर अर्ज. सरकारी कचेरीत जायची सवय आपल्याला अशी देवळापासूनच लागते.

पिंजरा या विषयावर शिरूरमध्ये हलक्याने बोलू नये, हे मला माहीत आहे. इथे बिबट्यासाठीही पिंजरे लागतात आणि उसाच्या कडेने राहणाऱ्या घरांतली माणसं गेली आहेत. त्यात हसण्यासारखं काही नाही. पण शेजारच्या जुन्नरने याआधी एक धडा दिला आहे. तिथले बिबटे पकडून लांबच्या जंगलात नेऊन सोडले गेले. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा अभ्यास केला, तेव्हा जिथे बिबटे सोडले त्या भागात माणसांवरचे हल्ले वाढलेले दिसले. पकडून दुसऱ्याच्या दारात सोडणं हा उपाय नव्हे, हे बिबट्यांनी सिद्ध केलं. उंदरांवर असा अभ्यास करायला पुलावर कोणी बसलेलं नाही, एवढंच.

काही जण उंदीर नदीपार नेण्याचा त्रास घेत नाहीत, ते त्याला कागदावर सोडतात. मार्च 2018 मध्ये एकनाथ खडसे यांनी विधानसभेत हिशेब मांडला की, मंत्रालयात 3,19,400 उंदीर सात दिवसांत मारल्याचं दाखवलं गेलं. भागाकार केला तर दिवसाला 45,628 उंदीर आणि वर अर्ध्याहून थोडा अधिक. मिनिटाला एकतीस, तेही रात्रंदिवस. मुंबई महापालिकेचा रात्रपाळीचा माणूस काठी आणि टॉर्च घेऊन गटाराकाठी फिरतो, त्याला रात्रीचे 30 उंदीर नेमून दिलेले असतात आणि मेलेले उंदीर मोजून द्यावे लागतात. त्या बापड्याने ही बातमी वाचली असेल तेव्हा काठी खाली ठेवून मंत्रालयाच्या दिशेने हात जोडले असतील. पुढे सरकारचा खुलासा आला, की हा आकडा उंदरांचा नव्हे, विषारी गोळ्यांचा. सव्वातीन लाखांच्या आसपास उंदीर एका वाक्यात नाहीसे! इतकी वेगवान मूषकनाशक मोहीम जगात दुसरी नसेल.

दौंड हे जंक्शन असल्याने रेल्वेला वगळून चालणार नाही. 2023 मध्ये लखनौ विभागाच्या माहिती अधिकारातल्या उत्तराची बातमी गाजली: तीन वर्षांत 168 उंदीर, खर्च 69 लाखांवर. उंदरामागे सुमारे 41 हजार. मग रेल्वेने खुलासा केला की तो पैसा डब्यांतल्या एकूण कीडनियंत्रणाचा होता. उंदीर आणि खुलासा यांची जोडी आपल्याकडे अशी पक्की आहे.

घरचा हिशेब तरी काय वेगळा? ब्रोमॅडिओलोनचा केक रात्री ठेवला आणि सकाळी प्रेत दिसलं नाही, की दुकानदार चोर. त्या विषाने रक्त गोठणं थांबतं, उंदीर मरायला काही दिवस लागतात, आणि मग तो कपाटामागे जाऊन मरतो, म्हणजे आठवडाभर पाहुणे येत नाहीत. झिंक फॉस्फाईड जालीम आणि झटपट, पण उंदीर आधी चिमूटभर चाखतो, आणि पोट बिघडून वाचला तर त्या आमिषाला पुन्हा तोंड लावत नाही. म्हणून शेतात दोन-तीन दिवस नुसता तेल लावलेला भरडा ठेवून मगच विष मिसळायला सांगतात. इतका धीर असता तर आपण उंदीर कशाला मारत बसलो असतो, निवडणूक लढवली असती. ते विष कोंबडी, कुत्रं आणि रांगतं पोरही खातं, हे कोणी लक्षात घेत नाही. आणि जे रोज फुकट उंदीर खातात त्यांचा सत्कार कसा करतो आपण? बांधावर धामण दिसली की काठी, पत्र्यावर घुबड बसलं की दगड.

उंदरीण तीन आठवड्यांत विते. त्यामुळे मारण्याच्या शर्यतीत आपण हरणार हे ठरलेलं आहे. पेन्सिल जाईल एवढी फट पिटुकल्या उंदराला पुरते. मोरीच्या पाइपाभोवती, दाराखाली, पत्रा आणि भिंत यांच्या मध्ये पेन्सिल घालून बघा. फडकी कोंबू नका, त्याचं तो बाळंतिणीचं अंथरूण करतो. भांडी घासायची तारेची घासणी कोंबा, वरून सिमेंटमध्ये काचेचा चुरा कालवून लिंपा. धान्य पोत्यातून पत्र्याच्या कोठीत हलवा. सिमेंट उरलं तर शेजाऱ्याला द्या. त्याच्या घरचा उंदीर रात्री तुमच्याकडेच येणार आहे.