मळीचा वास, ओकचा सुवास
बारामती-इंदापूरची पोरं परदेशात स्थिरावली की व्हिस्कीच्या जत्रेला जायला लागतात. स्कॉटलंडात स्पेसाइडला ती वसंतात भरते. तिकीट काढायचं, पेला नाकाशी धरायचा, घोटभर चाखून ‘मध, धूर, ओली माती’ असं गंभीरपणे पुटपुटायचं. याच नाकांना भवानीनगरच्या साखर कारखान्यावरून जाताना मळीच्या वासापायी रुमाल लागायचा! आपल्याकडच्या बहुतेक स्वस्त व्हिस्कीत त्याच मळीचा मद्यार्क असतो. युरोपचा कायदा मात्र सोवळा: व्हिस्की धान्याचीच, लाकडी पिंपात किमान ३ वर्षं मुरलेली. थोडक्यात, बापाच्या उसाला तिथे व्हिस्की म्हणवून घेता येत नाही, आणि सुट्टीवर आलेल्या पोराला इथे ती प्यायला १९४९च्या दारूबंदी कायद्याखालचा परवाना लागतो. तो काढण्याइतकं चोखंदळ नाक अजून कुणाचं झालेलं नाही.