फर्स्ट पीस

पिंपरी-चिंचवडमध्ये छंद जोपासायचा तर इन्स्पेक्शनची तयारी ठेवावी लागते. इथे प्रत्येक बिल्डिंगमध्ये एक तरी निवृत्त टूलरूमवाला असतो, आणि त्याच्या घरी तूप नसेल, पण व्हर्नियर असतोच.

माझा छंद म्हणजे पेन प्लॉटरवर पीसीबी, म्हणजे सर्किटचे बोर्ड, काढणं. प्लॉटर घरचाच. मोटारी जुन्या प्रिंटरच्या, कुदळवाडीच्या भंगारातून आणलेल्या. 2025 च्या फेब्रुवारीत तिथे महापालिकेचे बुलडोझर फिरले, त्यामुळे आता त्या वारसा वस्तूच म्हणायच्या. पेनाच्या जागी परमनंट मार्कर. तांब्याच्या बोर्डावर तो ट्रॅक काढतो, मग बोर्ड फेरिक क्लोराइडमध्ये सोडायचा. उघडं तांबं विरघळतं, शाईखालचं उरतं. तांब्याचा थर जेमतेम 35 मायक्रॉन, तेव्हा शाई विरळ पडली की ट्रॅक गेलाच. म्हणून प्लॉटर त्याच रेघेवरून पुन्हा फिरवायचा. पण आधीची शाई वाळलेली हवी, नाहीतर निब तीच खरवडून नेतो. आयसीच्या दोन पायांत अंतर 2.54 मिलिमीटर. त्यांच्या मधून मार्करची रेघ नेणं म्हणजे चाकणच्या तळेगाव चौकात दोन कंटेनरमधून स्कूटर काढणं.

फेरिकला धातूचं भांडं चालत नाही, त्यामुळे बायकोचे स्टीलचे डबे वाचले आणि श्रीखंडाचा प्लास्टिकचा डबा कामी आला. तिची तक्रार वेगळीच, बोर्ड घासण्यावरून आहे. "देवाची भांडी काळी पडलीत, आणि पितांबरी या पत्र्याला?"

भाचा चाकणला वेल्डिंग रोबोंच्या लाइनवर आहे. त्याचं म्हणणं, "मामा, ऑनलाइन ऑर्डर टाक, छापून घरपोच येईल." येईल की. पण छापून आलेला बोर्ड बघायला शेजारी चपला घालून कशाला येतील?

गुरुवारी एमआयडीसीला सुट्टी, म्हणजे आमच्या बिल्डिंगचे निवृत्त टूलरूमवाले काका जुन्या सवयीने हजर. प्लॉटर थांबायच्या आत व्हर्नियर बाहेर.

"ट्रॅकची विड्थ किती?"

"साधारण एक मिलिमीटर, काका."

"साधारण? टॉलरन्स काय धरलायस? ड्रॉइंग कुठंय? रिव्हिजन नंबर?"

ड्रॉइंग दाखवलं. रिव्हिजन नंबर त्यांनीच घातला. मग फर्स्ट पीस अप्रूव्हल म्हणून मार्कर उचलला आणि बोर्डाच्या कोपऱ्यातल्या रिकाम्या तांब्यावर शिरोरेघ ओढून झोकात सही ठोकली.

फेरिकमधून बोर्ड निघाला तेव्हा सप्लायचा ट्रॅक केसाएवढा तुटलेला होता. काकांच्या सहीला मल्टिमीटर लावला, तर या टोकापासून त्या टोकापर्यंत खणखणीत बीप.