तंबू उचला, गादी घाला

पवनानगरच्या आमच्या तंबूवाल्या मित्राचं म्हणणं, धंद्यात आता दम राहिला नाही. धरणाच्या काठी जिकडे तिकडे तंबू, बार्बेक्यू आणि मध्यरात्रीपर्यंत गिटार. वर गिऱ्हाईक भाव पाडून मागतं. मी म्हटलं, दादा, जागा तीच ठेवा, माल बदला. तंबू उचला आणि गादी घाला. एकीकडे तुंग-तिकोना, दुसरीकडे लोहगड, घर लांब. फोन तर ‘मौना’च्या नावाखाली दारातच जमा करून घेता येतो.

गिऱ्हाईक मात्र अडाणी बघू नका. अडाणी माणूस नवस फेडतो आणि एसटी पकडून घरी जातो. तुम्ही हिंजवडीतला इंजिनीयर धरा. नुकतीच आई गेलेला किंवा नोकरी गेलेला असेल तर उत्तम. कोरेगाव पार्कात १९७४ साली रजनीशांचा आश्रम सुरू झाला, तेव्हा तिथे येणारे परदेशी चांगले शिकलेले होते, त्यांत मानसोपचार करणारेही होते. त्यांनी भगवे कपडे घातले, गुरूंच्या फोटोची माळ घातली आणि नवं नाव घेतलं. नाव बदलायला विसरू नका. जुन्या नावाला आई-वडील, मित्र आणि थोडीफार अक्कल चिकटलेली असते.

१९८१मध्ये हा संसार अमेरिकेत ओरेगॉनला गेला. गुरूंच्या दारात ९३ रोल्स-रॉइस उभ्या राहिल्या. १९८४मध्ये तिथली निवडणूक जिंकायची म्हणून काही आश्रमवासीयांनी द डॅल्स गावातल्या हॉटेलांच्या सॅलडमध्ये साल्मोनेलाचे जंतू मिसळले. ७५१ जण आजारी पडले. जंतू वाढवण्याच्या कामावर देखरेख करणाऱ्या बाई शिक्षणाने नर्स. ध्यानाला आलेला माणूस एका उडीत जंतूंपर्यंत पोचत नाही, दादा. आधी माळ, मग झाडलोट, मग बँकेतली शिल्लक. प्रत्येक वेळी थोडंच मागायचं. आधीचं दिलेलं वाया जाऊ नये म्हणून तो पुढचं आपण होऊन देतो.

पहिले तीन दिवस नुसते लाड. अमेरिकेत मून यांच्या पंथाने सत्तरच्या दशकात एकटी पोरं अशीच प्रेमात बुडवून गोळा केली. तुमच्या इंजिनीयरलाही उठल्या उठल्या चार जणांनी मिठी मारावी, त्याचं रडगाणं कुणी मध्येच तोडू नये. चौथ्या दिवशी लाड बंद. कारण सांगायचं नाही. आपलं काय चुकलं ते तोच शोधत बसेल.

मग रात्रीचं ‘मन मोकळं’ सत्र. तो बोलेल, तुम्ही वहीत टिपून ठेवा. चीनमध्ये ‘विचारसुधारणे’तून गेलेल्यांशी बोलून रॉबर्ट लिफ्टन यांनी १९६१ साली पुस्तक लिहिलं; सक्तीची कबुली हे त्यांनी नोंदवलेल्या आठ लक्षणांपैकी एक. त्या सरकारला त्यासाठी कोठड्या बांधाव्या लागल्या. तुमच्याकडे लोक आगाऊ बुकिंग करून कबुली देतील.

एखादं भविष्यही हवं. शिकागोजवळच्या एका बाईंनी २१ डिसेंबर १९५४ला महापूर सांगितला होता. पूर आला नाही, तर आपल्या भक्तीमुळेच जग वाचलं असं ठरलं आणि काही भक्त आणखी घट्ट झाले. लिऑन फेस्टिंगर या मानसशास्त्रज्ञाने त्यावर पुस्तकच लिहिलं. तुमचं काम तर फारच सोपं: ऑगस्टात जलप्रलय सांगा. पवना भरून दरवाजे उघडले तर गुरू खरे. नाही उघडले तर तुम्हीच धरण रोखून धरलंत.

कायद्याची धास्ती? नरेंद्र दाभोलकर ज्यासाठी वर्षानुवर्षं झगडले तो जादूटोणाविरोधी कायदा २०१३मध्ये, २० ऑगस्टला पुण्यात त्यांचा खून झाल्यावर आला. त्याच्या अनुसूचीत भूत उतरवताना केलेली मारहाण आहे, चमत्काराच्या नावाने फसवणूक आहे, करणी आहे. तेव्हा हवेतून अंगारा काढायचा मोह टाळा. ‘ऊर्जा’ म्हणा, पीपीटी दाखवा, पावती देणगीची फाडा. मिठी मारणं, जागरण घडवणं आणि आईचा फोन न देणं हे काही त्या यादीत नाही.

आणि प्रवेशअर्जावर ‘मी स्वेच्छेने’ हे शब्द ठळक छापून घ्या. सही मात्र पहिल्या दिवशी नको, चार रात्री धड झोप न झालेल्या पाचव्या पहाटे घ्या.